भिवापूरचा डबा

"सर, आमचं काही चालू नाही होऊन राहिलं," एवढं बोलून कौशल्या फोनवरच दोनदा शिंकली.

"करून राहिलो ताई. मिरची जोरात दिसते आज."

"जोरात म्हणता? सकाळपासून तीन गाड्या उतरल्या. नाक हाये का पाण्याचा नळ, समजून नाही राहिलं."

नागसेनने एक आज्ञा टाइप करून एंटर दाबलं. तिकडे भिवापूरच्या शीतगृहात, वजनकाट्याशेजारच्या टेबलावर, कौशल्याच्या संगणकावर पावतीचं पान उघडलं. "आलं सर," ती म्हणाली. मग तिच्या करिष्माला बारावीचा गणिताचा पेपर कसा गेला ते तिने सांगितलं. कठीण होता म्हणे, पोरगी जेवली नाही. फोन ठेवला तेव्हा सगळी मिळून चार मिनिटं झाली होती. नागसेनचं दिवसभराचं बोलणं बहुधा तिथंच संपायचं.

नागपूरच्या त्या कंपनीत नागसेनचं काम म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. कुठल्याशा थंडगार खोलीत एक मोठं यंत्र होतं आणि त्यात बावीस कंटेनर. नागसेन त्यांना डबे म्हणायचा. एकेका डब्यात एकेका गिऱ्हाइकाची सेवा. शेजारच्या डब्यात काय शिजतंय याचा दुसऱ्याला पत्ता नसे. त्यांना उठवायचं, नीट चालतात का ते बघायचं, आणि बंद करताना हातातलं काम उरकायला दहा सेकंद द्यायचे. रोज पहाटे पाचला ते यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होई. त्याबरोबर एकवीस डबे आपोआप उठत. भिवापूरचा तेवढा उठत नसे.

कारण अगदी साधं होतं. 'यंत्र उठलं की तूही ऊठ' असं सांगणारी एक ओळ प्रत्येक डब्याच्या फाइलमध्ये लिहावी लागते. नऊ वर्षांपूर्वी भिवापूरचा डबा घाईत मांडताना ती राहून गेली. नागसेनची बायको प्रीती मेंदूज्वराने जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तो रडला नव्हता. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. घट्ट कसला! त्याला काही वाटतच नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही, तेही कळत नव्हतं.

दोन दिवस भिवापूरहून फोन आला. तिसऱ्या सकाळी ओळ टाकायला म्हणून त्याने फाइल उघडली, तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

"सर, मीच हाये, भिवापूरवाली. आवाज काहून बसला तुमचा? जेवता का नाही बरोबर?"

हे काही कोणी विचारत नव्हतं असं नाही. आई रोज विचारायची. पण आई विचारता विचारता रडायची आणि ही बाई शिंकत होती. नागसेनने फाइल तशीच मिटली.

त्यानंतर नऊ वर्षं तो ती ओळ टाकायला विसरला, असं आपण म्हणू. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याला एवढी सवलत द्यायला हरकत नाही.

यंदा, करिष्माच्या परीक्षेच्या सुमारास, गुंजन टीमप्रमुख म्हणून आली. हुशार मुलगी. आठवडाभरात तिने सगळ्या फाइली चाळल्या.

"सर, भिवापूरचं तुम्ही रोज हातानं चालू करून राहिले?"

"हो."

"काहून पण? एक तर ओळ आहे."

नऊ वर्षांत या प्रश्नाचं उत्तर तयार करून ठेवायला हवं होतं. "राहून गेली," नागसेन म्हणाला.

"म्हणजे त्या ताईले रोज फोन करा लागते? बिचारी!" गुंजनने उभ्या उभ्याच ओळ टाकली. शिवाय सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र धाडलं, की यापुढे तक्रार कोणाच्या मोबाइलवर करू नये, मदतकक्षाला कळवावी. मदतकक्ष म्हणजे गुंजनच्या टेबलावरचा नवा फोन.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला कौशल्याचा फोन मात्र नागसेनलाच आला.

"सर, आज तर आपोआपच चालू हाये!"

"हो ताई. आता रोज तसंच राहील."

"मंग फोन नाही करा लागत आता."

"नाही लागत."

तिच्यामागे कोणीतरी पोतं ओढत होतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमचा रोजचा ताप गेला सर."

ताप नव्हता, असं त्याला म्हणायचं होतं. तो "हो" म्हणाला.

मग मोबाइल गप्प झाला. पावणेदहाच्या सुमारास यंत्राच्या नोंदींमध्ये भिवापूर जोडलं गेल्याची ओळ उमटे. कौशल्या कामावर आली, एवढं त्याला कळे. शिंकली की नाही ते कळत नसे. एप्रिल गेला. मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. नागसेनकडे तिचा नंबर होता. पण नऊ वर्षांत त्याने एकदाही आपणहून फोन लावला नव्हता, आणि सगळं सुरळीत चाललं असताना लावायचा तरी काय निमित्ताने?

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, ती कामावर आल्याची नोंद उमटल्यावर, त्याने भिवापूरचा डबा बंद केला. नियमाप्रमाणे दहा सेकंद दिले. मग मोबाइलचा आवाज वाढवून तो समोर ठेवला.

फोन वाजला. गुंजनच्या टेबलावरचा.

"हो ताई, पाहते. थांबा जरा." गुंजनने मान वळवली. "सर, भिवापूर बंद पडलं. काट्यावर दोन गाड्या अडकून आहेत म्हणतात. पाहता का?"

नागसेनने डबा चालू केला. "झालं. सांगा त्यांना."

"झालं ताई." गुंजन ऐकत राहिली, मग रिसीव्हरवर हात ठेवून हसली. "सर, त्या विचारून राहिल्या, नागसेन सर बरे आहेत का?"

"बरा आहे म्हणा."

"बरे आहेत ताई. अरे वा, अभिनंदन!" तिने फोन ठेवला. "मुलगी पास झाली त्यांची. गणितात एकोणऐंशी."

नागसेनने मान हलवली. पडद्यावर भिवापूर पुन्हा जोडलं गेल्याची ओळ उमटली होती, ती त्याने दोनदा वाचली.

थोड्या वेळाने नेहमीचा तक्ता त्याच्याकडे भरायला आला. सेवा किती वेळ बंद होती? सहा मिनिटं. कारण? त्याने लिहिलं, मानवी चूक. खाली शेवटचा रकाना होता, पुन्हा घडू नये म्हणून काय केलं? मोबाइलचा आवाज पहिल्यासारखा कमी करून त्याने तोही भरला. पुन्हा घडणार नाही.