मागावरचं अर्धं हरीण

मित्रांनो, दाराहून उंच आणि भिंतीएवढा रुंद असा मी जुना माग आहे. माझ्यावर साधं कापड कधी विणलं गेलं नाही. भिंतीवर टांगायची मोठाली चित्रं रंगीत लोकरीने विणायची, हे माझं काम. मला घडवून झाल्यावर सुताराने माझ्या खांबावर थाप मारली आणि कारखान्याच्या मालकाला म्हणाला, "हा तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेल!"

माझ्यासमोरच्या बाकावर दोघी बहिणी बसत. चित्र मागच्या बाजूने विणायचं, म्हणून ते कसं उतरलंय हे त्या आरशात बघत. भांडण रोजचंच. "तुझी पानं फारच हिरवी," थोरली म्हणे. "आणि तुझं आभाळ आजारी दिसतंय," धाकटी फणकारे. हात मात्र एका लयीत चालत. लोक चित्रं पाहून तोंडात बोटं घालत. माझ्याकडे कुणी बघत नसे, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पुढे थोरलीची नजर गेली आणि काम सुटलं. धाकटी एकटीच एक हरीण विणत राहिली. ते अर्धं असतानाच ती आजारपणात वारली. मग कारखान्याचं संग्रहालय झालं. माझ्याभोवती दोर बांधला, 'हात लावू नये' अशी पाटी आली. लाकडाला भेगा पडल्या, धाग्यांवर धूळ बसली. म्हणे मला जपलं होतं!

एका सकाळी थोरली आली, धाकटीच्या मुलीचा हात धरून. रखवालदार सांगत होता, "आता हे कापून चौकटीत बसवणार आहेत."

थोरली थबकली. "हरणाला डोकं आलंय का?"

"नाही आजी. मानेपर्यंतच आहे."

"मग ते बिचारं बघणार कशानं?"

रखवालदार पुढे झाला. त्याने दोर सोडला. थोरलीने विणीवरून बोटं फिरवली. "हा तिचाच हात. धागा किती घट्ट ठोकून बसवलाय बघ! जसा काही माझ्यावरचा राग काढलाय." आणि तिला रडू फुटलं.

रखवालदाराने वरिष्ठांकडे शब्द टाकला, आणि दोघींना हरीण पुरं करायची परवानगी मिळाली.

"मावशी, मला विणता येत नाही गं," भाची म्हणाली.

"रंग तू सांग. बोटं कशी चालवायची ते मी सांगते."

दोघी रोज येऊ लागल्या. हळूहळू मान पुरी झाली, तोंड आलं. डोळा विणून झाला तशी भाचीने आरसा धरला.

"कसा आलाय?"

"जरा तिरळा आलाय, मावशी."

"असू दे. तुझ्या आईने मला यावरून किती सुनावलं असतं!" दोघी हसत सुटल्या.

हरीण कापून नेलं तेव्हा माझे सगळे धागे सैल पडले. वाटलं, आपलं संपलं. पण भाचीने माझ्या भेगा बुजवून घेतल्या, नवे धागे चढवले. आता शिकाऊ मुली येतात, गुंता करतात, धागे तोडतात. माझं अंग ठणकतं, पण बरं वाटतं.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू नुसती झाकून ठेवू नका. तिला पुसा, दुरुस्त करा, कामाला लावा. आणि ती चालवणारं माणूस अजून असेल, तर आधी त्याच्या शेजारी जाऊन बसा.