उगवतीकडचा दरवाजा

“श्वास सोडा,” जरीना म्हणाली आणि तिनं जेवायचा पाट गौसच्या छातीवर दाबून धरला.

गौस भिंतीला पाठ लावून उभा होता. भिंत आणि पाट यांच्यामध्ये तिनं सुतळी ताणली, चिमटीत धरून गाठ मारली. सुतळीला आधीची एक गाठ होती, साठमारीच्या मैदानातल्या बुरुजाच्या दरवाजाच्या रुंदीची. दोन गाठींत तिचं एक बोट कसंबसं मावलं. गेल्या खेपेला तीन मावली होती.

“बसतंय न्हवं?” गौसनं विचारलं.

“बसतंय. दसऱ्यापतोर पोळीला तेवढा हात लावू नका.”

साठमारीत मस्तीतल्या हत्तीला लाल फडकं दाखवून चिडवायचं आणि तो अंगावर आला की बुरुजाच्या अरुंद दरवाजातून आडवं होऊन आत शिरायचं. माणूस जेमतेम मावावा आणि हत्तीचं डोकं अडावं, एवढाच तो दरवाजा. गौस सहा वर्षं हत्तीखान्याच्या पगारावर हे करत होता आणि तितकीच वर्षं तालमीत संस्थानच्या खुराकावर कुस्ती खेळत होता. एका नोकरीत वाढायचं, दुसरीत मावायचं. मधल्या मध्ये सदरे उसवून पुन्हा शिवायचं काम जरीनाकडे.

उंबऱ्यात सावली पडली. तालमीचे वस्ताद हंबीरराव आले होते. आत या म्हटलं तरी ते दारातच उभे राहिले.

“गौस, दिवाळीनंतर पंजाबच्या पैलवानाबरोबर तुझी जोड ठरलीय. ठावं हाय न्हवं?”

“व्हय, वस्ताद.”

“मग दसऱ्याची साठमारी सोड.”

“सोडत न्हाय.”

“हाडं मोडून घेतलीस तर कुस्ती कोन खेळणार? तुझी बायकू?”

“ती खेळली तर पंजाबचा जाईल परत,” गौस म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. “तुमी म्हणताय साठमारी सोड. हत्तीखान्याचं जमादार म्हणत्यात कुस्ती सोड. तुमी दोघं बसून ठरवा की, मी काय करायचं ते. आन ठरलं की मला सांगू नका.”

हंबीररावांच्या मिशा हलल्या, पण हसू नव्हतं ते.

“मैदानात उतरलास, तर माझ्या तालमीची पायरी चढायची न्हाय.” मग ते जरीनाकडे वळले. “पोरी, तू तरी सांग ह्याला.”

“मी कापडं शिवते, वस्ताद. मानूस शिवायला येत न्हाय.”

वस्तादांनी तिच्या हातातली सुतळी घेतली. कुठली गाठ कशाची, ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी दोन गाठींच्या मध्ये स्वतःचं बोट धरून बघितलं. त्यांचं बोट जाड होतं. मावलं नाही.

“कंचा दरवाजा?” त्यांनी विचारलं.

“उगवतीकडचा,” जरीना म्हणाली.

सुतळी तिच्या हातात देऊन ते निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून तालमीतून यायचं दूध, तूप, बदाम सगळं बंद झालं. गौसनं रिकामी चरवी पालथी घातली, भाकरी आणि खर्डा खाल्ला आणि पाच दिवस वस्तादांचं नाव काढलं नाही. जरीना रोज सुतळी लावून बघत होती. गाठ हलत नव्हती. छाती उतरत नव्हती, वाढतही नव्हती, एवढंच.

दसऱ्याला मैदानाभोवतीचा कट्टा माणसांनी भरला. सरकारांचे पाहुणे आले होते. जरीना बायकांच्या बाजूला, सुतळी दातांत धरून उभी होती. हत्ती दोनदा गौसवर धावला आणि दोनदा गौस मैदानामधल्या बुरुजाला वळसा घालून निसटला. तिसऱ्यांदा हत्ती वळला तोच थेट त्याच्या पाठीवर. गौस उगवतीकडच्या दरवाजाकडे पळाला, आडवा झाला आणि अर्धा आत जाऊन थांबला. छाती अडली होती. मग तो आत घसरला, ओल्या हातातून साबण निसटावा तसा. मागोमाग हत्तीचं डोकं दगडावर आदळलं.

घरी येऊन गौसनं सदरा तिच्या पुढ्यात टाकला.

“बघितलंस? म्हणत हुतो का न्हाय, मावतोय म्हणून?”

“बघितलं की.”

सदरा भिजवायला घेतला, तेव्हा तिला छातीवर आणि पाठीवर, दरवाजाला घासलं होतं तिथं, पिवळे, तेलकट पट्टे दिसले. तिनं वास घेतला. तेल, हळद आणि लिंबू. एका पट्ट्याच्या कडेला तांबडी माती चिकटलेली. हत्तीखान्यात यातलं काही नसतं. हे सगळं कालवून फक्त आखाड्याची माती मळतात.

तिनं गौसकडे पाहिलं. तो छाती फुगवून खर्डा वाटत होता. सदरा तिनं पाण्यात घातला नाही. घडी घालून पेटीत ठेवला.

सकाळी उंबऱ्यावर दुधाची चरवी होती, काठोकाठ भरलेली. गौसनं ती उभ्या उभ्या रिकामी केली, लंगोट खांद्यावर टाकला आणि निघाला.

“कुठं?” जरीनानं विचारलं. “वस्तादांनी पायरी चढू नको म्हणलंय न्हवं?”

“चढत न्हाय,” गौस म्हणाला. “मागच्या भिंतीवरनं उडी मारतो.”