बाराच्या खेळाआधीची शाळा

शिक्षण कार्यालयात तिला सगळे ‘आराखडाबाई’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानापर्यंत पोचेल इतक्या मोठ्याने. नाव तसं चुकीचं नव्हतं. पूर आला, आग लागली, साथ पसरली, तर मुलांचं शिकणं थांबू नये म्हणून काय करायचं, याचा आराखडा करण्याचं काम तिच्याकडे होतं. जुना आराखडा चांगला जाडजूड होता, पण कुठलंही संकट काढा, त्याखाली एकच वाक्य: ‘विद्यार्थ्यांना पर्यायी जागेत हलवावे.’

“पर्यायी जागा म्हणजे कुठली?” तिने साहेबांना विचारलं.

“पर्यायी म्हणजे… दुसरी,” साहेब म्हणाले. “महिनाअखेरीला फाइल वर जायची आहे. मुखपृष्ठ तेवढं झकास करा.”

गावातली मोठी शाळा उंचावर होती. तीच खरी अडचण होती. नदी फुगली की खालच्या वस्तीतली माणसं बिऱ्हाडं घेऊन शाळेत येत आणि मुलं घरी बसत. माणसांना तरी कुठे जा म्हणायचं? तेव्हा मुलांसाठीच जागा शोधायची असं ठरवून ती चपला घालून निघाली. खताच्या गोदामात तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. व्यायामशाळेतली लोखंडी वजनं बघून तिला नुसती मुलांची बोटं दिसायला लागली. लग्नाच्या हॉलचा मालक इतका गोड बोलला की त्याने नाही म्हटलंय हे रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं.

उरलं आत्याचं सिनेमागृह.

आत्या म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. बापाकडून आलेलं ते एकपडदा थिएटर तिने एकटीने चालवलं होतं. स्वभाव असा की भांडायला आलेला माणूस तिकीट काढून जाई.

“मुलं?” आत्या म्हणाली. “छबे, मुलं खुर्च्या फाडतात.”

“आत्या, संकटापुरतंच गं. आणि फक्त सकाळी.”

आत्याने गल्ला बंद केला, चष्मा कपाळावर चढवला. “पडद्याला कुणी बोट लावायचं नाही. खुर्चीखाली च्युइंगगम चिकटवायचं नाही. बाराच्या खेळाआधी हॉल रिकामा पाहिजे, झाडून. आणि मला स्टेजवर बोलावून सत्कार-बित्कार केलास तर बघ.”

“म्हणजे हो?”

“आधी एक दिवस आणून दाखव. कागदी घोडे तुमच्या हापिसात नाचवा, माझ्याकडे खरी मुलं पाहिजेत.”

तालीम ठरली. दोन वर्ग आले, सोबत गणिताचे सर आले. तालीम कसली, फजितीच ती. दिवे जरा मंद झाले तशी मुलांनी शिट्ट्या मारल्या. फळा नव्हता, पडद्याला हात लावायची सोय नव्हती, त्यामुळे सर हवेतच भागाकार करत राहिले. आणि पहिलीची मुलं खुर्च्यांनी गिळली. अगदी खरोखर! त्या दुमडणाऱ्या स्प्रिंगच्या खुर्च्या. पोरांचं वजन ते काय, बसलं की खुर्ची फटकन मिटायची आणि वर फक्त दोन पाय आणि एक रिबीन दिसायची.

साहेबांनी कपाळाला हात लावला. “अहवालात ‘तालीम यशस्वी’ एवढंच लिहा.”

“पण साहेब, फसली म्हणूनच कामाची झाली ना. आता कळलं, एका खुर्चीत दोन लहान मुलं बसवायची. मांडीवर धरायला पाट्या पाहिजेत. मुतारीशी पायरी पाहिजे, मुलांचा हात—म्हणजे, मुलं पोचत नाहीत.”

“हे सगळं आराखड्यात लिहिणार? मुतारी?”

“लिहिणार.”

साहेब आठवडाभर तिच्याशी फक्त शिपायामार्फत बोलले. तिने तेवढ्यात सुताराकडून पाट्या करून घेतल्या आणि आत्याकडून ‘हो’ वदवून घेतलं.

नदी आली ती पहाटे. सकाळी ती शाळेत पोचली तेव्हा वर्गावर्गांत गाद्या, स्टोव्ह, शिलाई मशिनं, एका बाकाला बांधलेली शेळी. कोणी रडत होतं, कोणी भांडत होतं, बहुतेकजण नुसतेच बसले होते. ती प्रत्येक वर्गाच्या दारात उभी राहून सांगत गेली, “उद्या सकाळी सिनेमागृहात या. मुलांना पाठवा.” पुढचं ‘शाळा भरणार आहे’ हे शेळीच्या ओरडण्यात कुणाच्या कानापर्यंत गेलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सिनेमागृहासमोर ही गर्दी! मुलं, त्यांच्या आया, काखेत उशा घेतलेले आजोबा.

“कुठला पिक्चर आहे हो बाई?”

“पिक्चर नाही. शाळा आहे.”

“हात्तिच्या!” असा एक मोठा सुस्कारा त्या गर्दीतून निघाला. पण बाहेर चिखल होता, आत कोरडं होतं. आया मुलांना आत ढकलून हंडे भरायला गेल्या.

आत्या जिन्यावर उभी होती. “फुकटच्या खेळाला हाउसफुल्ल! चला, पुढे सरका, रांगेत.”

आणि मग आतलं दार उघडलं, तशी भाची जागच्या जागी थिजली. वीज आदल्या दिवसापासून गेली होती. जनरेटर मागच्या खोलगट अंगणात, कमरेइतक्या पाण्यात. सिनेमागृहाला खिडक्या नसतात हे कुणाला माहीत नाही? तिलाही माहीत होतं. पण तालमीच्या दिवशी दिवे होते, आणि एवढ्या मोठ्या आराखड्यात ‘अंधार’ हा शब्दच तिने लिहिला नव्हता. साहेब काय म्हणतील हे नाही आठवलं. मागे उभी असलेली ती पोरं आता परत गेली तर उद्या येणार नाहीत, एवढंच तिला कळत होतं.

“आत्या, बाहेर जायची दारं किती आहेत?”

“दोन्हीकडे तीन-तीन. का?”

“सगळी उघड.”

सहा दारं सताड उघडली तसे प्रकाशाचे सहा पट्टे आत पडले. दारांजवळच्या खुर्च्यांवर वाचता येईल इतका उजेड, आणि मधे मात्र विहिरीसारखा काळोख. तिने तिथल्या तिथे मुलांचे भाग पाडले. दाराजवळचे लिहिणार. मधले बोलणार: पाढे, कविता, तोंडी गणितं. मध्यंतराची घंटा आत्याने हाताने वाजवायची, की जागा बदलायच्या.

पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. अंधारात कुणीतरी मांजराचा आवाज काढला आणि अर्धा तास हॉलमध्ये मांजरंच मांजरं. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गणिताचे सर तिच्याजवळ आले. त्यांचा आवाज जरा विचित्र झाला होता.

“बाई, तुम्हाला एक सांगू? माझ्या वर्गात एक मुलगी आहे. दोन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. आज अंधारात फडाफडा उत्तरं देत होती.”

“अंधाराची भीती नाही वाटली तिला?”

“अहो, अंधारात चुकलेलं उत्तर कुणाचं ते कळतच नाही ना! कोणी हसणार कुणाला? मग सगळेच बोलतात. मी आपला उजेडात शिकवत राहिलो इतकी वर्षं.”

सरांनाही आता अंधाराची चटक लागली होती. ते प्रश्न फेकत, चारी बाजूंनी उत्तरं येत.

“सतरा नव्वे?”

“एकशे त्रेपन्न!” मुलांच्या आधी मागच्या रांगेतून एक जाडा आवाज आला.

“शाबास! कोण ते?”

बाराव्या वर्षी इतका आवाज फुटलेला मुलगा सरांना आठवेना. भाचीने मात्र तो आवाज जन्मापासून ऐकला होता.

मुलं गेल्यावर तिने चहाचा कप आत्यापुढे ठेवला. “मजा आली का?”

“कसली?” आत्याने बशी उगाच पुसली. मग म्हणाली, “मी तिसरीत होते तेव्हा नदी आली होती. अशीच. शाळेत माणसं राहायला आली, शाळा तात्पुरती बंद. बाबा म्हणाले, घरी बसून काय करतेस, तिकीटखिडकीवर बस. शाळा उघडली तेव्हा मी खिडकीवर रुळले होते. परत जा असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं.”

“तू कधी बोलली नाहीस.”

“त्यात बोलण्यासारखं काय होतं? कुणी मला शाळेतून काढलं नव्हतं. नुसतं परत बोलवायचं राहून गेलं.” आत्या उठली. “पाढे मी खिडकीवरच पक्के केले. भाषेच्या तासाला मात्र मी बाहेर जाऊन बसते, ते तू बघितलं असशील.”

भाचीने बघितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आत्याला हिशेबाची घाई असते.

“उद्यापासून बसशील का? अंधारात कोण बघतंय.”

“माझा हॉल आहे. मी कुठेही बसेन,” आत्या म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी भाषेच्या तासाला बसली. मधल्या भागात बोलली, घंटा झाल्यावर मुलांबरोबर उठून दाराजवळच्या खुर्चीत गेली आणि मांडीवर पाटी घेऊन लिहायला लागली. शेजारच्या पोराने तिची चूक दाखवली, तर त्याला एक चापटी मिळाली आणि चूक दुरुस्त झाली.

वीज आली तेव्हा मुलांनी दिव्यांची हुर्यो उडवली. बाराचा खेळ पुन्हा सुरू झाला, आणि शाळा त्याच्या आधी, ठरल्याप्रमाणे, झाडून. हळूहळू माणसं घरी परतली, शाळेच्या भिंती धुतल्या गेल्या, मुलं आपापल्या बाकांवर गेली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. काही कुटुंबं दुसऱ्या गावी निघून गेली होती. त्यांच्या मुलांचा पत्ता काढून, तिथल्या शाळांना फोन करकरून ती एकेकाला बोलवायला लावत राहिली. दोन भावांचा पत्ता अजून लागलेला नाही.

आराखडा वर गेला. मुतारीसकट. साहेबांनी सही करताना त्या पानावर बोट ठेवलं, काहीतरी बोलणार होते, मग म्हणाले, “पायरीची उंचीही लिहून टाका.”

पुढच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून फोन आला. तिच्यासारखंच काम करणारा कोणी नवखा माणूस होता.

“मॅडम, तुमच्या आराखड्याची एक प्रत मिळेल का? आम्ही आमच्या गावाचं नाव घालून घेऊ.”

“तुमच्याकडे सिनेमागृह आहे?”

“नाही.”

“मग प्रत घेऊन काय करणार? आहे काय तुमच्याकडे?”

“साबणाचा कारखाना आहे एक. बंद पडलाय. पण आतून मी बघितला नाही.”

“किल्ली कुणाकडे असते?”

“विचारावं लागेल.”

“विचारा. आणि वीसेक मुलं गोळा करा, त्यातली चार दंगेखोर हवीत. मी उद्या सकाळच्या बसने येते.”