माझ्या गोष्टीतला चोर

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात मी भेकड दिसतो.

वाचकांच्या ग्रुपवर मी टोपणनावाने एक गोष्ट टाकली होती. त्यातला चोर नाल्यापलीकडच्या वस्तीतला. लोकांनी ती डोक्यावर घेतली. "ही माणसंच तसली," असं कितीतरी जणांनी खाली लिहिलं आणि मी एकेकाचे आभार मानत बसलो.

माझ्याबरोबर टायरच्या दुकानात काम करणारा पैलवान त्याच वस्तीतला. हाडकुळा, म्हणून पैलवान. काल एका गिऱ्हाइकाचा मोबाइल सापडेना. त्याच्यासोबत आलेल्या तिघांनी पैलवानाला खाली पाडून जॅकच्या दांड्याने हाणलं. त्याचा दात फरशीवर पडला. लाथा घालता घालता एक जण माझ्या गोष्टीतलं वाक्य जसंच्या तसं म्हणत होता, "यांचे हात रिकामे राहतच नाहीत." मी शटर अर्धं ओढून त्यामागे उभा राहिलो.

मोबाइल गिऱ्हाइकाच्याच गाडीच्या सीटखाली निघाला.

दवाखान्यात पैलवान सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "लेखकराव, वाचली होती मी तुझी गोष्ट. म्हटलं, जाऊ दे, आपलाच गडी आहे."

"काढून टाकतो रे."

"काढू नकोस. तिच्याखालीच हे सगळं लिही. तू कुठे उभा होतास तेही."

"लिहितो," मी म्हणालो. "माझं खरं नाव घालून. आणि लोकांनी कितीही शिव्या घातल्या तरी पुसणार नाही."