उगवतीकडे पाय

खड्डा भलत्याच दिशेने खणला गेला होता. अगाताला ते दफनभूमीच्या फाटकातूनच दिसलं. चहाची किटली घट्ट धरून ती तशीच पुढे गेली.

"ये पोरी," शेजारच्या ओरोझबेककाकांनी खड्ड्यातूनच हाक दिली. "तुझ्या बापाला मरायलासुद्धा जानेवारीच सापडला! दोन दिवस टायर जाळले, तेव्हा कुठे कुदळ आत शिरली. जमीन आहे की लोखंड!"

"आयुष्यभर लोखंडच जोडत बसले ना," काठावर उभा असलेला त्यांचा पुतण्या तुरात म्हणाला.

खणणारे चौघंही हसले. अगाताने पेले भरले.

खड्डा या डोंगराकडून त्या डोंगराकडे, उत्तर-दक्षिण गेला होता. किरगिझांच्या कबरी अशाच असतात, आत माणूस कुशीवर, मक्केकडे तोंड करून निजतो. पण इथल्या, गुडघाभर बर्फाखालच्या, पिढ्यांपूर्वी या खोऱ्यात येऊन वसलेल्या जर्मनांच्या सगळ्या कबरींचे पाय उगवतीकडे होते. प्रभू पूर्वेकडून परत येईल, तेव्हा उठल्या उठल्या तो समोर दिसावा म्हणून. हे बघायला पूर्वी चर्चच्या मंडळीतले पुरुष असत. ते एकेक करून जर्मनीला गेले, अगाताचे दोन्ही भाऊसुद्धा. मागे उरल्या दोन म्हाताऱ्या, वडील आणि वडिलांसाठी थांबलेली ती. गुरुवारी वडील गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी न सांगताच कुदळी उचलल्या. ती वडिलांना आंघोळ घालण्यात, पाव भाजण्यात गुंतली आणि दिशा सांगायची राहूनच गेली.

आता बारा वाजले होते. दोन वाजता शहरातून पाळक येणार होते.

वडील, डिर्क पेनर, सामूहिक शेतीवर वेल्डर होते. वसंतात नवे बूट हवेत म्हटलं की ते म्हणायचे, "घेऊ की. त्याआधी तो आला नाही तर." लग्नाची तारीख, छपराची डागडुजी, बटाट्याची लावणी, सगळ्याला ते एवढं शेपूट असायचंच. तिला साइडकारमध्ये बसवून घरी परतताना खोऱ्याच्या वरच्या, पूर्वेकडच्या टोकाला गडगडलं, तर ते मोटरसायकल थांबवायचे, इंजिन बंद करायचे आणि टोपी काढून ऐकत राहायचे. मग जरासे ओशाळून म्हणायचे, "नुसता पाऊस आहे," आणि किक मारायचे. त्या दोन-तीन मिनिटांत तिचं इवलं काळीज केवढं धडधडायचं! एकदा शाळेतून आली तर घर रिकामं, चुलीवर दूध उतू चाललेलं. सगळ्यांना प्रभूने नेलं आणि आपण तेवढे राहिलो, असं वाटून ती अंगणात बसून रडली होती. आई गोठ्यातून धावत आली. संध्याकाळी हे ऐकून वडील हसले नाहीत. "तुला टाकून मी जाईन होय गं?" एवढंच म्हणाले.

पुढे तिने पुष्कळ वाचलं आणि गडगडाट हा गडगडाटच वाटू लागला. ते तिने वडिलांना कधी सांगितलं नाही.

"काय बघतेस? लहान पडेल?" काकांनी विचारलं.

"नाही. चांगला झालाय. चहा घ्या."

"पोरी, चाळीस वर्षं तुझ्या बापाशी वाद घातलाय मी. खोटं बोलताना तोही असाच खाली बघायचा."

अगाताने किटली खाली ठेवली. "आमच्यात पाय उगवतीकडे लागतात, काका. तो येईल तेव्हा बाबांना समोर दिसायला हवा."

तुरातने हातमोजा काढून तळहातावरचा फोड पाहिला.

"तुझा आहे यावर विश्वास?" त्याने विचारलं.

"बाबांचा होता."

"हात करकरून दाखवायचा मला, कुठून येणार ते," काका म्हणाले. "आणि मी गाढव, आपल्याच सवयीनं खणत बसलो."

"राहू द्या, काका. अंधार पडेल. प्रभूला सापडतील ते, कसेही असले तरी."

"त्याला सापडेल गं. पण तुझा बाप मान वाकडी करून बघणार? मला शिव्या घालेल. तुरात, उरलेले टायर आण."

"आणि पाळक?" अगाताने विचारलं.

"त्यांना म्हणावं, हा माणूस जन्मभर थांबलाय. तुम्ही तासभर थांबा."

वरचा थर गोठलेला असला तरी खालची माती मऊ होती. त्यांनी खड्ड्याच्या बाजूतूनच उगवतीकडे फोडत नेलं. अगातानेही फावडं घेतलं. दोनला पाळक आले, क्षणभर पाहत उभे राहिले, मग कोट काढून माती ओढू लागले. खड्ड्याचा नको असलेला भाग बुजवेपर्यंत चार वाजले.

दोन्ही म्हाताऱ्यांनी थरथरत्या आवाजात गाणं म्हटलं. दोरांवरून पेटी उतरली. मूठमूठ माती पडली, मग फावड्यांनी. शेवटी ओरोझबेककाकांनी ओंजळ उघडून आपल्या रीतीने दुआ केली आणि तोंडावरून हात फिरवले.

"चल पोरी. गारठशील."

"तुम्ही व्हा पुढे. येतेच."

पावलं फाटकाबाहेर गेली. ती ढिगाच्या पायथ्याशी उभी होती. उन्हं पाठीमागच्या बर्फावर, खोऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत पसरली होती. तिथे काही हलत नव्हतं. बराच वेळ ती ढिगाकडे पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, आपण नेमक्या बाबांच्या समोर उभ्या आहोत.

ती दोन पावलं बाजूला सरकली.