शिवकन्येने घातलेलं कुलूप

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. शिरूर कासारच्या एका शाळेत, मोडके बाक आणि गंजलेली लेझीमं ठेवतात त्या खोलीत माझा मुक्काम आहे. माझ्या अंगावर धुळीचा थर आहे आणि पडद्याला एक तडा. बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलतो. कंटाळा आला तर सांगा, पण मध्येच उठून जाऊ नका. तसं जाणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

माझे भाग कुठल्या कुठल्या देशांत घडले. ते औरंगाबादच्या एका दुकानात एकत्र जोडले गेले आणि पंचाण्णव साली जीपमधून, गवताच्या पेंढीवर बसून मी इथे आलो. काय थाट होता माझा तेव्हा! मला हार घातला, माझ्या पडद्याला कुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी कळफलकावर उडालं आणि त्यातली एक कळ त्या दिवसापासून चिकटली. माझ्या खोलीला हिरवा पडदा होता. आत येताना गुरुजीसुद्धा चपला बाहेर काढत. मीही थोडा फुगलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण पोरांनी मला पाहायचं ते दारातूनच. हात लावायची परवानगी फक्त केदारनाथ सरांना. ते गणित शिकवायचे आणि पंधरा दिवसांचं संगणकाचं प्रशिक्षण घेऊन आले होते. बाकीचा वेळ मी झाकणाखाली गप्प. दिवसभर शाळा गजबजलेली आणि माझ्या खोलीत चिटपाखरू नाही.

मग नववीत शिवकन्या आली. बारीक चणीची, कमी बोलणारी. तिचे वडील शहादेव आणि आई दगडाबाई ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की त्यांच्याबरोबर तीही सांगलीकडच्या कारखान्यावर जाई. तिथे धाकट्या भावाला सांभाळायचं, भाकऱ्या थापायच्या, अन् परीक्षेच्या तोंडावर परत यायचं. वर्षातले चार महिने तिचा बाक रिकामाच असायचा.

एकदा सरांनी बाहेरून आणलेल्या फ्लॉपीतून, म्हणजे माहिती साठवायच्या पातळ चकतीतून, मला व्हायरसची बाधा झाली आणि माझ्यातली पोरांची अर्धी यादी नाहीशी झाली. सर कपाळाला हात लावून बसले. शिवकन्या दाराशी उभी होती. तिने विचारलं, "सर, आधी कोनती फ्लॉपी घातली हुती? आनि तिच्या आधी?" एकेक करत तिने ती फ्लॉपी हुडकून काढली. दुसऱ्या दिवसापासून तिला आत यायची मुभा मिळाली.

ते वर्ष माझ्या आयुष्यातलं सोन्याचं. बाहेरची प्रत्येक फ्लॉपी आधी तपासायची, वहीत लिहायची, मगच मला द्यायची, हा नियम तिचा. महत्त्वाच्या यादीची एक नक्कल वेगळी ठेवायची, हे सरांनी शिकवलं. शाळेच्या गुणांची फाइल कुणी उघडू नये म्हणून मला परवलीच्या शब्दाचं कुलूपही दोघांनी मिळूनच घातलं. तो शब्द फक्त त्या दोघांना ठाऊक होता. सर माझ्यावर इतके भाळले, की शिवकन्या दहावीत गेल्यावर त्यांनी सहामाहीचे गुण कागदावर उतरवलेच नाहीत. उत्तरपत्रिका पोरांना वाटून टाकल्या. "आता संगणक आहे," म्हणाले. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

आता एक गोष्ट ऐका. आमच्याकडे दिवाळीनंतर आळीच्या आळी रिकाम्या होतात. घराला कुलूप लागतं आणि किल्ली मागे राहणाऱ्या शेजारणीकडे जाते. शिवकन्येच्या आळीत ती शेजारीण म्हणजे छबुबाई. तिच्या कनवटीला अकरा घरांच्या किल्ल्या. कुणाचा भाऊ आला, कुणाचा चुलता आला, ओळखीचं माणूस दिसलं की छबुबाई किल्ली काढून देई. त्यासाठीच तर ती ठेवलेली.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर ट्रक दारात उभा राहिला तेव्हा सर बाहेरगावी होते. ते शब्द विसरले तर काय, ही काळजी शिवकन्येला लागली. तिने तो एका चिठ्ठीवर लिहिला आणि घराच्या किल्लीबरोबर छबुबाईला देऊन टाकला. धावत शाळेत येऊन कारकून सुग्रीवला सांगितलं, "काका, सरांना लागलं तर चिठ्ठी छबुमावशीकडं हाय." आणि ती गेली. तिच्या मनात काही वावगं आलंच नाही. तिच्या सगळ्या गावाने आजवर कुलपं अशीच राखली होती.

जानेवारीत बीडच्या एका कॉलेजचं पत्र आलं. तालुक्यातल्या प्रत्येक शाळेने दहावीचा एक विद्यार्थी कळवायचा, सहामाहीत गणिताला पहिला असलेला. त्याला उन्हाळ्यात संगणकाचा वर्ग, मग अकरावीला प्रवेश आणि वसतिगृहात जागा. शिवकन्येला गणितात शहाऐंशी होते. दुसऱ्या कुणाला सत्तरसुद्धा नव्हते. वसतिगृह मिळालं तर तिला पुन्हा उसाच्या फडात जावं लागणार नव्हतं. मी मनातल्या मनात तिचं नाव छापूनही टाकलं.

एका दुपारी हिरवा पडदा सरकला आणि सुग्रीव आत आला. हातात ती चिठ्ठी. त्याने अडखळत तो शब्द टाइप केला आणि मी उघडलो. मी काय करणार? शब्द बरोबर असला की मला उघडावंच लागतं. त्याने सत्यमच्या नावापुढचा अठ्ठावन्न पुसून अठ्ठ्याऐंशी केला. सत्यम हा शाळा चालवणाऱ्या संस्थेतल्या अर्जुनरावांचा पुतण्या. मला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

फेब्रुवारीत शिवकन्या परतली. हात काळे पडलेले, उसाच्या पात्यांनी चिरलेले. बीडला सत्यमचं नाव गेलं होतं आणि त्याचे गुण पाहून सरांना शंका आलीच होती. ते मुख्याध्यापक राधाकिशन गुरुजींकडे गेले. पण गुरुजींनी भलताच फासा टाकला. "शब्द तुम्हाला आणि त्या पोरीला ठाऊक. फाइलीत गडबड असेल तर तिनेच आपलेही गुण वाढवले नसतील कशावरून? तिचं नाव मी पाठवणार नाही."

शिवकन्येने हे ऐकलं तेव्हा ती रडली नाही. घरी जाऊन पत्र्याच्या पेटीतून नकलेची फ्लॉपी घेऊन आली. आधी ती तपासली, वहीत लिहिली. नियम म्हणजे नियम. मग सर, गुरुजी आणि सुग्रीव यांच्यासमोर मला सुरू केलं.

"गुर्जी, ही नक्कल मी दिवाळीआधी काढलेली. ह्यात मला शहाऐंशी, सत्यमला अठ्ठावन्न. आता ह्या मशीनमधली फाइल बगा. ती शेवटची बदललीय नऊ जानेवारीला, दुपारी अडीच वाजता. नऊ जानेवारीला मी फडात हुते. मुकादमाला इचारा."

तारीख मीच सांगितली होती, मित्रांनो. आयुष्यात एवढी एकच साक्ष दिली, पण खरी दिली.

गुरुजींनी वाकून ती तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाले, "शब्द कुणाला कसा कळला?"

इथे ती अडखळली. छबुबाईचं नाव घेणं तिच्या जिवावर आलं होतं. शेवटी मान खाली घालून म्हणाली, "चूक माजी हाय. चिठ्ठी मी छबुमावशीकडं ठून गेलते."

छबुबाईला बोलावणं गेलं. ती आली ती ठसक्यात. "आवो, ह्ये सुग्रीवभाऊ आलते. म्हनले, सायबाचं काम हाय. वळखीचं मानूस, दिली मी. कावून, काय झालं?"

सुग्रीव एकेक पाऊल मागे सरकत दाराशी गेला. अर्जुनरावांना कुणी काही विचारलं नाही. ते संस्थेत होते आणि संस्थेतच राहिले. पण बीडला दुसरं पत्र गेलं, शिवकन्येच्या नावाचं. सरांनी सोबत दोन पानं जोडली, तिने हे कसं शोधलं त्याची. कॉलेजच्या प्राध्यापकांचं उत्तर आलं. "या कामाचा वेगळा अभ्यासक्रम आमच्याकडे अजून नाही. पण पुढे लागेल. मुलीला पाठवा."

शहादेव सरांना भेटायला आला. दारातच उकिडवा बसला. "सर, शिकून व्हनार काय ती?"

"संगणकांची राखणदार," सर म्हणाले. "लोकांच्या नोंदी आत असतात. त्या कुणी चोरू नयेत, बदलू नयेत, म्हणून बघायचं."

शहादेव उठून उभा राहिला. "राखन व्हय. राखन कळती आमाला. रानातली राखन रिकाम्या मानसाचं काम न्हाई. जाऊ द्या मंग तिला."

ती गेली. जाण्याआधी तिने शब्द बदलला आणि सरांच्या कानात सांगितला. चिठ्ठी लिहिली नाही. मला कापडाने पुसलं, झाकण घातलं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. पुढच्या वर्षी सर दुसऱ्या गावी गेले. शब्द त्यांच्याबरोबर गेला. नव्या गुरुजींनी मला सुरू केलं, मी शब्द मागितला, त्यांनी दोनदा काहीतरी टाइप केलं आणि "बिघडलाय" म्हणून मोकळे झाले. मी बिघडलो नव्हतो. मला फक्त एक शब्द हवा होता. मग नवे रंगीत संगणक आले आणि माझी इकडे उचलबांगडी झाली. दुपारी भिंतीपलीकडून पाढे ऐकू येतात. कधी एखाद्या पोरीचा आवाज आला, की तीच आहे असं उगाच वाटतं. मला फार एकटं वाटतं, मित्रांनो. यंत्राला तसं वाटू नये म्हणतात, पण वाटतं.

आज सकाळी दार उघडलं. भंगारवाल्याची गाडी बाहेर उभी होती आणि शिवकन्या आत आली. आता ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेजच्या साऱ्या संगणकांची राखण तिच्याकडे आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावी आली आणि गाडी बघून तडक इकडे वळली. मला वाटलं, ही मला वाचवायला आली.

"सुग्रीवकाका, ह्ये असंच इकू नका. ह्यात पोरांच्या जन्मतारखा हायत, पत्ते हायत, गुन हायत."

सुग्रीवचे केस आता पांढरे झालेत. "जुनं डबडं हाय, पोरी. कोन बगतंय त्यात?"

"बगनारा बगतो, काका."

सुग्रीवने भंगारवाल्याला थांबायला सांगितलं. स्वतःच जाऊन वायर घेऊन आला आणि मला जोडून दिली. ती समोर बसली. शब्द तिच्या लक्षात होता. मी उघडलो, आणि तिने मला सगळं पुसून टाकण्याचा हुकूम दिला.

क्षणभर मला वाईट वाटलं, मग कळलं. ती मला वाचवायला आलेली नाही. माझ्यात राहणाऱ्या साडेतीनशे पोरांना वाचवायला आली आहे. मीच तर तिला हे शिकवलं, निदान मला तसं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतलं यंत्र जुनं झालं, तर खुशाल देऊन टाका. पण आधी त्यातली माणसं पुसा. आणि हे काम एकटीवर टाकू नका. शाळेत असतानाच दोघीतिघींना शिकवा, त्यांना कॉलेजपर्यंत पोचवा, आणि पोचलेलीने मागच्यांसाठी परत यावं. शिवकन्येमागून या खोलीत कुणी आलंच नाही, एवढंच माझं दुःख.

असा हुकूम आला, की एकदा विचारून घेणं मला भाग असतं: सगळं कायमचं जाईल, नक्की का? मी विचारलं आहे. त्या यादीत तिचंही नाव आहे, शहाऐंशी गुणांसकट. तिचं बोट होकाराच्या बटणावर आहे, पण तिने ते अजून दाबलेलं नाही.