लासुर्ण्यापर्यंतचा सपाट रस्ता

मित्रांनो, माझा हिरवा रंग आता फक्त चेनकव्हरच्या आतल्या अंगाला उरला आहे. बाकी सगळा गंज. मी पणदऱ्याची एक जुनी लेडीज सायकल. बारामतीच्या दुकानात माझी चाकं बसवली, तेव्हा करुणाबाई कारागिरापाशी उभ्या राहून बजावत होत्या, "घट्ट आवळ रे, हिला खेडी फिरायची हायेत."

त्या सरकारी नर्स. पहिली नेमणूक लासुर्ण्याला. पुढं हँडल धरून त्या, मागं कॅरिअरवर मदतनीस बनाबाई आणि बनाबाईच्या मांडीवर लशींचा डबा. आम्हांला बघताच वस्तीवरची पोरं उसात पळायची. त्यांच्या आया म्हणायच्या, "सिस्टरची सायकल हाय तवर डोस चुकायचा न्हाय." एवढं कौतुक मला पुरत असे.

पुढं बदली झाली, निवृत्ती झाली, दारात मोटार आली. मी गोठ्यामागं गेले. माझ्या बास्केटात एक कोंबडी अंडी घालू लागली आणि तिला कुणी हुसकलंही नाही.

गेल्या महिन्यात बनाबाईचे मालक सावळाराम वारले. करुणाबाई मुलाच्या, सोमनाथच्या, मोटारीतून भेटून आल्या. बनाबाई भिंतीकडं तोंड करून बसलेली. करुणाबाई तिच्याजवळ टेकतात न टेकतात, तोच बाहेर हॉर्न वाजला. परवा बनाबाईच्या सुनेचा, संस्कृतीचा, फोन आला, "सिस्टर, आत्या अजून बोलंनात. दोन घास खात्यात, तेबी बळंच."

करुणाबाईंनी मला बाहेर ओढलं.

"आई, गाडी काढतो की. तासात पोचवतो," सोमनाथ म्हणाला.

"आणि तासात परत आणतोस. तेच नको मला. सायकलवर गेले तर दोन दिवस मला उठवायचं न्हाय. मग बसणं हुईल तिच्यापाशी."

मित्रांनो, सपाट मुलखात सायकल चालवणं सोपं, असं तुम्हांला वाटेल. पण चढ नाही तिथं उतारही नसतो. चाळीसेक किलोमीटर पायडल मारल्याशिवाय चाक एकदाही पुढं गेलं नाही. थंडीचा वारा समोरून येत होता. उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, गाणी लावून अंगावर यायचे. प्रत्येक वेळी अडुसष्ट वर्षांच्या करुणाबाई खाली उतरायच्या, धूळ बसली की पुन्हा चढायच्या. माझी चेन कुरकुरत होती, त्यांचे गुडघेही.

बारामती मागं पडल्यावर एक टेम्पोवाला थांबला. "आजी, टाकू का सायकल वर?"

त्या मोकळ्या टेम्पोकडं त्यांनी बराच वेळ पाहिलं. "नको बाबा. तुला घाई असंल."

लासुर्ण्याला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मला भिंतीला टेकवून त्या पायरीवर बसल्या त्या बसल्याच. आत बनाबाई तशीच भिंतीकडं तोंड करून.

"बने, पाणी दे गं. पाय माझे राहिले न्हाईत."

संस्कृती फ्रीजकडं धावली. तेवढ्यात कोपऱ्यातून घोगरा आवाज आला, "गार नको देऊ. घसा धरतो तिचा."

महिनाभर न बोललेली बनाबाई भिंतीला धरून उठली. तांब्या घेऊन आली आणि करुणाबाईंचे सुजलेले पाय आणि भिंतीला टेकलेली मी बघून कडाडली, "सायकलवर? म्हातारे, मरायचं हाय का तुला? संस्कृती, पाणी तापव. मीठ टाक त्यात."

"आता दोन दिवस तरी मला हलता यायचं न्हाय बघ."

"जा म्हणलंय कुणी?"

गरम पाण्यात मैत्रिणीचे पाय चोळता चोळता बनाबाई सावळारामांचं सांगू लागली. ते शेवटचं काय बोलले, कसे गेले. सांगता सांगता ढसाढसा रडली. करुणाबाई नुसत्या ऐकत होत्या. बाहेर कुणी हॉर्न वाजवणारं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्याही गोठ्यामागं माझ्यासारखी एखादी गंजत पडली असेल. तिला तेल घाला, हवा भरा. आणि दुःखात बसलेल्या माणसाकडं जाल, तेव्हा लगेच परतायची सोय बरोबर नेऊ नका.